पुढची दोन चाकं

गाडीला चार चाकं असतात आणि गाडी चालली की चारही फिरतात, एवढंच माझं गाडीविषयीचं ज्ञान होतं. चाक आपसूक फिरणं वेगळं आणि इंजिनानं ते फिरवणं वेगळं, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी, करमाडच्या एका गॅरेजात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कळलं. तोवर माझे यजमान जाऊन पाच महिने झाले होते.

मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. समोर 'अहो' आणि माघारी 'हे'. इथेही 'हे'च लिहिते. बाकी सगळं जग त्यांना 'सर' म्हणायचं. तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो, आणि ज्या वयात लोक गुडघ्यांची काळजी करतात त्या वयात ह्यांनी करमाडच्या पुढे मुरमाड माळाची पाच एकर जमीन घेऊन तिथे मोसंबी लावली. डांबरी रस्ता आणि बाग यांच्यामध्ये एक ओढा आहे. त्याचे दोन्ही काठ काळ्या मातीचे आणि चढाचे. पावसाळ्यात तिथे बैलगाडीसुद्धा अडते. म्हणून ह्यांनी एक वापरलेली पिकअप घेतली, आणि ती फोर बाय फोरच हवी म्हणून दोन महिने शोधत राहिले. गिअरच्या शेजारी आणखी एक आखूड दांडा असतो; तो ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि गाडी चिखलातून वर येते, असं त्यांनी मला समजावलं होतं. मी मान हलवली होती. गाडीतलं मला फक्त बॉनेट उघडून पाणी बघता येत होतं, तेही त्यांनी हट्टानं शिकवलं म्हणून.

भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, आमचा सालगडी आणि त्याची बायको आपल्या गावी गेले होते. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला होता. झाडांच्या बुडाशी पाणी थांबलं असेल, चर मोकळे करून येतो, असं म्हणून हे सकाळी एकटेच निघाले. दुपारच्या जेवणाला येतो म्हणाले.

चार वाजता एका मेंढपाळाला ते ओढ्याच्या काठाला दिसले. पुढच्या डाव्या चाकाला पाठ टेकून बसलेले. हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. मागच्या चाकांखाली दगड घातलेले होते, बाभळीच्या फांद्या मोडून टाकलेल्या होत्या. म्हणजे बराच वेळ ते झटले असणार. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. शेजारच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली आणि बागेतल्या पत्र्याखाली उभी केली.

तो आखूड दांडा ओढलेला होता. हे मला दिरांनी दहाव्याच्या दिवशी सांगितलं. दांडा ओढलेला होता, तरी गाडी वर आली नव्हती.

दीर ह्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. शहरातच एका कचेरीत नोकरीला. ह्यांनीच त्यांना शिकवलं, वाढवलं. त्यांना रडता येत नव्हतं, त्यामुळे ते संतापत होते, आणि संतापायला त्यांना सालगडी सापडला. त्यानं आदल्या दिवशी वादळात पडलेला कडुलिंब गाडीला दोर बांधून वाटेतून ओढून काढला होता.

"त्यानंच वाट लावली गिअरची," दीर दर रविवारी येऊन म्हणायचे. "आणि नेमका त्या दिवशी गावाला. वहिनी, पाडव्याला त्याचं साल संपतंय. पुढचं करायचं नाही. माझ्या भावाचा जीव घेतला त्यानं."

आमच्याकडे सालगड्याचं वर्ष पाडव्यापासून पाडव्यापर्यंत धरतात. पाडव्याला साल मोडलं आणि त्याला असं कारण जोडलं गेलं, तर त्या माणसाला पंचक्रोशीत कुणी उभं करत नाही. आमच्याकडे तो चार वर्षांपासून होता. बागेतल्या दोन खोल्यांत राहायचा. प्रत्येक खड्डा त्यानं आणि ह्यांनी मिळून खणलेला. मला त्याला काढायचं नव्हतं. पण दीर म्हणतात ते खरं असेल, तर त्याच्या हातचं पाणी मला गोड लागलं नसतं, हेही खरं. मी एवढंच म्हणाले, "आधी गाडी दाखवू. का चढली नाही ते कळू द्या."

माघ सुरू झाला तेव्हा सालगड्यानं गाडी माळावरून उतरवून करमाडच्या मिस्त्रीकडे नेली. ओढा आता कोरडा होता. मी आणि दीर शहरातून मोटारीनं गेलो.

मिस्त्री उतारवयाचा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. ह्यांची गाडी तोच बघायचा. त्याची दोन्ही मुलं ह्यांच्या वर्गात होती. मला बघितल्यावर त्यानं हात पुसले, खुर्ची मांडली आणि वरची धूळ स्वतःच्या टोपीनं झटकली. सुरुवात दिरांनी केली.

"मिस्त्री, गिअरचा डबा खोला. आतले दात गेलेत. ह्या शहाण्यानं झाड ओढलं होतं गाडीनं."

मिस्त्रीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "हौ साहेब. बीमारी तुम्हीच सांगितली, दवा पन तुम्हीच सांगितली. मग मी काय करू, चाय पिऊ?"

सालगडी कुंपणाशी उभा होता. रुमाल हातात घेऊन त्याची घडी घालत होता आणि मोडत होता.

मिस्त्री आत बसला. त्यानं दांडा ओढला. "दांडा तर बसतोय," म्हणाला. मग मला जवळ बोलावलं. "हे बघा भाभी." समोरच्या काट्यांच्या मधोमध चार चाकांचं एक एवढंसं हिरवं चित्र लुकलुकत होतं. "गाडीनं हुकूम ऐकला. पन काम पुरं झालं नाही. काम झालं की ही बत्ती लुकलुकायची थांबते."

मग त्यानं गाडी चारही बाजूंनी जॅकवर उचलली, खाली लोखंडी घोडे लावले आणि इंजिन सुरू करून गिअर टाकला. मागची चाकं हवेत गरगर फिरू लागली. पुढची हलली नाहीत. मिस्त्री गाडीखाली आडवा झाला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, खाली वाका जरा! कपडे मळू द्या!"

दीर वाकले. मीही वाकले. गाडीच्या पोटाखालून पुढच्या चाकांकडे गेलेला एक लांब दांडा वेगानं फिरत होता.

"डब्याचे दात तुटले असते तर हा शाफ्ट फिरला असता का? नसता फिरला. डबा एकदम ठीक. झाड ओढल्यानं काही बिघडलं नाही." तो बाहेर आला आणि सालगड्याकडे बघून म्हणाला, "तू कायको वाळत घातल्यासारखा उभा आहेस? बस खाली."

सालगडी बसला नाही. तो डाव्या पुढच्या चाकाकडे बघत होता.

माझ्या छातीवरचा एक धोंडा उतरला, हे मी कबूल करते. दीर मात्र थांबायला तयार नव्हते. "मग पुढची चाकं का फिरेनात?"

मिस्त्रीनं दोन मुठी एकमेकींसमोर धरल्या. शाफ्ट इथवर जोर आणतो. चाकाच्या आत एक कडी असते. ती सरकली तर जोर चाकापर्यंत पोचतो, नाहीतर शाफ्ट नुसता फिरत राहतो. आणि ती कडी सरकवते हवा. इंजिन हवा ओढून घेतं, एका बारीक रबरी नळीतून ती ओढ चाकापर्यंत जाते. "वॅक्यूम," मिस्त्री म्हणाला.

हा शब्द मला ठाऊक होता. पाण्यानं भरलेल्या पेल्यावर पोस्टकार्ड ठेवून ह्यांनी तो पेला किती मुलांसमोर उलटा धरला असेल! पोस्टकार्ड पडत नसे, मुलं ओरडत. आमच्या लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्यांनी तो प्रयोग मलाही करून दाखवला होता, आणि माझ्या नव्या साडीवर पाणी सांडलं होतं.

मिस्त्रीनं चाकाजवळचं नळीचं टोक उपसून त्यावर अंगठा ठेवला. "इथं काहीच नाही." मग बॉनेट उघडून इंजिनाकडचं टोक काढलं. तिथे त्याचा अंगठा चटकन चिकटला. सोडवताना 'पच्' असा आवाज आला. "इकडं जान आहे, तिकडं नाही. मधे कुठंतरी गळा दाबलाय." तो दोन बोटांनी नळी चाचपत चाचपत पुढे सरकू लागला, मुनीम ओळीवरून बोट फिरवतो तसा. नळी बॅटरीच्या मागे गेली होती. त्यानं पाना मागितला आणि बॅटरीचे नट सोडायला घेतले.

तेव्हा मला कळलं. अजून काही सापडलं नव्हतं, आणि मला कळलं होतं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले, आणि मग काय करायचं ते न सुचून पुन्हा बसले.

हे अंधश्रद्धेच्या विरोधातले. तोंडात कापूर पेटवून दाखवणारे, नारळातून काळे केस काढणाऱ्यांची पोल खोलणारे. फिरायला गेले की तिठ्यावर टाकलेलं लिंबू उचलून घरी आणायचे आणि धुऊन त्याचं सरबत करायचे. शेजारच्या बायका शहारायच्या. मी हसत हसत ते सरबत प्यायचे. माझाही अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण हे जाण्याआधीच्या पौषात शेंद्र्याजवळ एका ट्रकनं आमच्या पिकअपला घासलं. आरसा गेला, बाकी काही झालं नाही. हे दुसऱ्या दिवशी विसरले. मला मात्र डोळे मिटले की तो आरसा तुटल्याचा आवाज ऐकू यायचा. पंधरा दिवस असे काढल्यावर एका शनिवारी मी सिग्नलपाशी बसणाऱ्या म्हातारीकडून लिंबू, सात मिरच्या आणि बिब्बा ओवलेली तार घेतली. पदराखाली धरून घरी आणली. हे वर्तमानपत्र वाचत होते. पाणी बघते म्हणून सांगून मी बॉनेट उघडलं. बाहेर बांधलं असतं तर त्यांना लगेच दिसलं असतं, म्हणून आत, बॅटरीच्या मागे, एक काळी बोटाएवढी नळी होती तिला बांधलं. सैल राहिलं असतं तर गाडी चालताना ते वाजलं असतं, आणि ह्यांचा कान तिखट. म्हणून मी त्यांचीच पकड घेऊन तार पिळली. पुरती आवळेपर्यंत पिळली.

मग मला झोप लागू लागली. पुढे ते मी विसरूनही गेले. उन्हाळा गेला, अर्धा पावसाळा गेला. त्या वर्षी पाऊस उघडझाप करत होता. तो आखूड दांडा ओढायची वेळच आली नव्हती. ती भाद्रपदात, त्या दिवशी आली.

"लो!" मिस्त्रीचा आवाज आला. बॅटरी त्यानं बाजूला काढून ठेवली होती. "नजर उतारी है किसीने!" त्याच्या बोटात ती तार लोंबत होती. लिंबू वाळून सुपारीएवढं झालेलं, मिरच्या तपकिरी, बिब्बा मात्र तसाच काळा. "गाडीला नजर लागू नये म्हणून गाडीचाच गळा आवळला!" तो हसला, आणि ही गाडी कुणाची ते आठवून एकदम थांबला.

दिरांनी ते हातात घेतलं नाही. लांबूनच बघितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"माझा भाऊ असलं काही मानत नव्हता," ते म्हणाले. मग कुंपणाकडे वळले. "तुझं काम आहे हे. तुझं नाहीतर तुझ्या बायकोचं. गिअर नाही मोडला ना? ह्यानं मारलंस त्याला. लिंबानं!"

सालगड्यानं रुमालाची घडी मोडली.

"बोल की! दातखीळ बसली का?"

"काय बोलू साहेब," तो म्हणाला.

"पाडवा राहू दे आता. उद्याच्या उद्या खोली मोकळी कर."

सालगड्यानं रुमालाची घडी घातली आणि खांद्यावर टाकली. "व्हय," एवढंच म्हणाला.

मी त्या वेळी बोलले नाही. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायला हवं. आयुष्यभर मी लोकांना पुस्तकं शोधून दिली. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक मला दुरून ओळखता यायचं. आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी चूक दुसऱ्याच्या नावावर लावली जात होती, आणि मी बघत बसले होते. लाज वाटली म्हणून नव्हे. लाज नंतर आली. मला फक्त एवढंच दिसत होतं: चिखलानं माखलेले ते हात, हे उठून गाडीत बसताहेत, दांडा ओढताहेत, हिरवं चित्र लुकलुकतंय, हे खाली उतरून आणखी एक दगड आणताहेत. किती वेळा?

मिस्त्रीनं चेपलेला तुकडा कापून काढला. तार सोडवली तरी तो फुगला नाही, आतून चिकटूनच राहिला होता. त्यानं नवी नळी जोडली, बॅटरी बसवली, इंजिन सुरू केलं, दांडा ओढला. "भाभी, बघा."

मी बघितलं. हिरवं चित्र दोन-तीनदा लुकलुकलं आणि स्थिर झालं. चारही चाकं हवेत फिरू लागली. पुढचं डावं चाकसुद्धा. त्याच्या खाचांतला भाद्रपदातला चिखल वाळला होता. त्याचे खडे सुटून टपटप जमिनीवर पडू लागले.

"मी बांधलं," मी म्हणाले.

इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मिस्त्रीनं इंजिन बंद केलं तेव्हा मी पुन्हा म्हणाले, "ते लिंबू मी बांधलं. पौषात. पकडीनं तार पिळली. ह्याचा त्यात काही संबंध नाही."

"वहिनी, काहीतरी काय बोलताय!" दीर माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्याला वाचवायला म्हणून—"

"तुमच्या भावाला कळू नये म्हणून बॅटरीच्या मागे बांधलं."

दीर रस्त्यापर्यंत चालत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मिस्त्रीनं कापलेला तुकडा उजेडाला धरला. "नळी पन म्हातारी होती भाभी," तो हळूच म्हणाला. "तारेनं दबली, की आधीच दबत आली होती, कसं सांगणार?" मला बरं वाटावं म्हणून तो तसं म्हणाला असेल. खरंही असेल. मला ते कधीच कळणार नाही.

सालगडी जवळ आला. माझ्यासमोर उकिडवा बसला.

"बाई, सरांना ठाव हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"लिंबाचं. जेठात बॅटरीला पाणी घालाया बसलो हुतो आमी दोघं. मला दिसलं. म्या म्हनलं, सर, हे काढू का? तर लई हासले. म्हनले, ऱ्हाऊ दे. बाईंनी बांधलंय, दुसरं कोन बांधनार. तिला वाटतंय मला ठाव नाय. म्हनले, तिला झोप लागाया लागली हे बांधल्यापून. तू कुनाला बोलू नको."

"म्हणून आत्ता बोलला नाहीस?"

"सरांनी नको म्हनलं हुतं ना."

"अरे, तुझी खोली जात होती."

त्यानं खाली पडलेली तार उचलून विचारलं, "हे टाकून देऊ का?" मी हात पुढे केला. त्यानं ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवली.

परतताना दीर मोटार चालवत होते. शेंद्रा मागे पडल्यावर म्हणाले, "वहिनी, घरात कुणाला सांगायला नको हे." थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला राहू द्या." ती पुडी माझ्या मांडीवर होती. ज्या माणसानं पोस्टकार्ड आणि पेला घेऊन जन्मभर मुलांना हवेचा दाब शिकवला, त्यानं जेठाच्या उन्हात बॉनेट उघडून ते लिंबू बघितलं, बिब्बा बघितला, पिळलेली तार बघितली, ती कुणी पिळली हे ओळखलं, ती पिळल्यापासून मला झोप लागते हेही ओळखलं. तारेखालची नळी मात्र त्यांना कशी दिसली नाही? मी पाच महिने एक प्रश्न घेऊन जगत होते, तो सुटला, आणि त्या जागी हा येऊन बसला. तो विचारायला आता कुणी नाही.

पाडव्याला सालगड्याचं साल मी केलं. दीर आले होते. त्यांनीच त्याला जेवायला वाढलं.

गाडी आता तोच चालवतो. पावसाळ्यात मी बागेत जाते तेव्हा त्याच्या शेजारी बसते. ओढ्यापाशी तो गाडी थांबवतो, दांडा ओढतो. हिरवं चित्र लुकलुकू लागतं. ते स्थिर होईपर्यंत मी बघत राहते. तोही बघतो. मग पुढची चाकं माती पकडतात आणि गाडी वर चढते.